आज मंदारकडे छत्तीस

तर मंदारची आई फेब्रुवारीत गेली, सांगलीला, आणि जून उजाडला तरी मंदार एकदाही रडला नव्हता. प्रयत्न केले त्याने. चेन्नईत, वेलचेरीच्या फ्लॅटमधे बाथरूमचा नळ मोठा सोडून आत बसून राहायचा. काही नाही. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात, मग गाल कसा होतो, आपलाच पण आपला नाही, तसं सगळं अंग झालेलं. गिंडीला ऑफिसात जायचा, कॉम्प्युटरवर गाडीच्या दारांच्या बिजागऱ्या काढायचा, परत यायचा, सांबारभात, झोप.

आणि अशातच त्याने आईवर गोष्ट लिहिली!

म्हणजे लिहिण्यात तो आधीपासूनच पक्का. तिरुवल्लिकेणीत सईबाईंच्या घरी महिन्यातल्या एका रविवारी मराठी मंडळी जमतात. काही तंजावरी, पिढ्यान्‌पिढ्या इकडचेच, आणि काही आपल्यासारखे, नोकरीपायी येऊन पडलेले. कोणीतरी काहीतरी वाचायचं. मंदारने वाचलं की माणसं रडणार म्हणजे रडणारच. त्याचा रूममेट अरुण म्हणायचा, "मंद्या, तू लेखक नाहीस रे, तू कांदा आहेस."

कसं जमतं विचारलं तर मंदार बिनधास्त सांगून टाकायचा. एक बारकीशी वस्तू पकडायची. ती पहिल्यांदा आली की वाचक हसला पाहिजे. दुसऱ्यांदा आली की त्याला तिची सवय झाली पाहिजे. आणि तिसऱ्यांदा, मरणाचं नावही न काढता, नुसती ती वस्तू समोर ठेवायची आणि गप्प बसायचं. "रडायचं काम वाचकासाठी ठेवायचं," म्हणायचा. "आपणच रडायला लागलो की तो नुसता बघत बसतो."

पण आईवर लिहायला बसला तर वस्तूच सापडेना. आठवायला गेला की फोनवरचं "जेवलास का?" तेवढं ऐकू यायचं. चेहरा यायचा तो फोटोतला, हार घातलेला. मग त्याने वस्तू बनवली. संध्याकाळच्या बातम्यांत शेवटी शहरांची तापमानं सांगतात ना? तर गोष्टीतली आई हातातलं काम टाकून टीव्हीसमोर उभी राहते, आणि चेन्नई आलं की शेजारणीला ओरडून सांगते, "आज मंदारकडे छत्तीस!" हे पहिल्यांदा. मधे आणखी एकदा, येता जाता. आणि शेवटी आजारपणात, कॉटवरून उठवत नाही, तरी तेवढ्यापुरती मान वळवते. शेवटचं वाक्य, "त्या दिवशी चेन्नईत एकतीस होतं." बस्स, संपली गोष्ट.

सगळं खोटं. त्यांच्या घरी त्या वेळेला मालिका चालू असायची, बातम्या लावतंय कोण!

पण झालं भलतंच. लिहून संपलं आणि डोळे मिटले की त्याला हीच आई दिसायला लागली. पदराला हात पुसत टीव्हीसमोर उभी. खरी जी काय चिमूटभर शिल्लक होती तीसुद्धा हिच्या मागे दडली. मंदार घाबरला. पण घाबरल्यासारखंही वाटेना, नुसतं कळत होतं की आपण घाबरलोय. आणि एवढंही कळत होतं की खरी आई परत देऊ शकेल असा आता एकच माणूस उरलाय, बाबा.

बाबा तेव्हा चेन्नईतच होते. एसटी डेपोतून रिटायर झालेला माणूस, मंदारने बळेबळे आणलेला. दिवसभर गॅलरीत बसून समोरच्या बिल्डिंगचं बांधकाम बघायचे. बायकोचा विषय दोघांपैकी कोणीच काढायचं नाही.

आता सईबाईंच्या घरची एक पद्धत आहे, जुनी, त्यांच्या आजोबांपासूनची. वाचून झालं की ऐकणाऱ्यांपैकी एकाने ती गोष्ट आपल्या तोंडाने परत सांगायची. त्याला म्हणतात कथा परत देणे. ती दिल्याशिवाय कॉफी नाही. आणि पहिल्यांदा आलेला पाहुणा असेल तर मान त्याचा. मंदारला हे माहीत होतं. म्हणून तर तो बाबांना घेऊन गेला. त्याच्या मनात सगळं ठरलेलं, बाबा उठतील आणि म्हणतील, छे, काय लिहिलंस हे, ती अशी नव्हतीच मुळी, ती अशी होती. चारचौघांत शोभा होईल, होऊ दे. पण आई मिळेल.

"वडिलांस घेऊन आलां तंबी, बरें केलें," सईबाई म्हणाल्या. तंबी म्हणजे तमिळमधे धाकटा भाऊ, सगळ्या पोरांना त्या तेच म्हणायच्या.

मंदारने वाचलं. छत्तीसला सगळे हसले. एकतीसला नाकं ओढल्याचे आवाज. अरुणने चष्मा काढला. सईबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि बाबांकडे वळल्या.

"आतां तुम्ही. कथा परत द्या, मग कापी."

बाबा उठले. तोंड उघडलं, मिटलं. मंदार खुर्चीच्या कडेवर आलेला.

"मला काय असलं बोलायला येत नाही," बाबा म्हणाले. "पण ते तापमानाचं... हो. बातम्या लागल्या की आमची ही टीव्हीसमोर उभी."

मंदार बघतच राहिला.

"आणि लोडशेडिंग असलं की पंचाईत! मग ही कोपऱ्यावरच्या मेडिकलमधे जायची. त्याच्याकडे बॅटरीवर चालणारा छोटा टीव्ही. तो विचारायचा, काय देऊ काकू, गोळ्या? ही म्हणायची, गोळ्या नकोत रे, चेन्नई लाव!"

सगळे खो खो हसले. बाबा थांबले, लोकांचं हसू पूर्ण ओसरू दिलं. मग खाली बघत म्हणाले, "इकडे यायच्या आदल्या दिवशी गोळ्या आणायला गेलो होतो. मेडिकलवाल्याने विचारलं, काका, चेन्नई लावू?"

आणि खाली बसले! सईबाई कॉफीचं विसरल्या. अरुण तर उठून बाहेर गेला, तिथूनच बाईक काढून घरी.

दोघांनी स्टेशनवरून परतीची गाडी पकडली. गाडीचा डबा जवळपास रिकामा. खांबांवरून गाडी चाललेली, खाली गच्च्या, टाक्या, वाळत घातलेले कपडे.

"बाबा, ते तापमानाचं खोटंय."

"माहितीय की. मी त्याच घरात राहत होतो ना?"

"आणि तो मेडिकलवाला?"

"तो मी घातला."

"का?"

"मधे जरा कमी पडत होतं तुझं."

एरवी मंदार हसला असता. तोंड हललंच नाही.

"मला वाटलं होतं, तुम्ही सांगाल ती कशी होती."

"तेच सांगणार होतो. उठलो ते त्यासाठीच." बाबा खिडकीबाहेर बघत होते. "तोंड उघडलं आणि येईचना काही. फेब्रुवारीपासून असंच आहे बघ. तिची खुर्ची दिसते, चष्मा दिसतो, ती नाही दिसत. तुझ्या त्या गोष्टीत दिसली. चक्क हलली, हात पुसला तिने. म्हटलं, असू दे. हीच असू दे."

म्हणजे तिकडेही काही नव्हतं! मंदारला हे कळलं आणि कळून झाल्यावरही काही वाटलं नाही. मंदैवेली आलं, गेलं. गाडी नदीवर आली.

"फक्त एक," बाबा म्हणाले. "फार गोड केलंयस तिला. चिडायची की ती."

"कशावरून?"

बाबा विचार करत राहिले. कोट्टूरपुरम गेलं. एक बाई मोगऱ्याची टोपली घेऊन चढली, पुढे उतरूनही गेली. मंदारला वाटलं, विसरले.

"फोनवरून," बाबा एकदम म्हणाले. "तू शेवटी 'ओके बाय' म्हणून ठेवायचास ना? की झालं सुरू. ओके बाय काय, मी काय बँकेतली बाई आहे? मलाच बोलायची! मी काय केलं होतं?"

"दर वेळी?"

"दर वेळी. भांडी आपटत."

ही आई मात्र मंदारने बनवलेली नव्हती. चेहरा अजूनही येत नव्हता, पण भांडी ऐकू आली. गालात कुठेतरी मुंगी चालल्यासारखं झालं.

तेवढ्यात फोन वाजला. अरुण.

"कुठपर्यंत आलात? भात लावू का?"

"लाव."

"काकांना रसम चालेल ना?"

"चालेल."

"बरं मग."

आता ठेवायचा. मंदारने तोंड उघडलं. नेहमीचे ते दोन शब्द जिभेवर आलेले, आणि पुढे सरकेनात. दुसरं काय म्हणतात फोन ठेवताना, तेही सुचेना. बाबा त्याच्याकडे बघत होते.

"मंद्या?" तिकडून अरुण म्हणाला. "अरे, ठेव की. हॅलो?"

मंदार फोन कानाला लावून तसाच बसून राहिला.