बिनगिलाव्याची भिंत

मी भिंत बोलतेय. या सभागृहाची पूर्वेकडची, लांबलचक, उघडीबोडकी भिंत. ना गिलावा, ना रंग. येणारे-जाणारे मला बघून विचारतात, "काम अर्धवट राहिलंय का हो?" पूर्वी राग यायचा, आता सवय झाली. ऐकत तर मी जन्मापासून आलेय. बोलायची ही पहिलीच वेळ, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

माझा जन्म लाकडाच्या साच्यात झाला. फळीला फळी जोडून साचा बांधायचा, आत काँक्रीट ओतायचं आणि ते घट्ट झालं की फळ्या काढून घ्यायच्या. लाकडाच्या रेषा काँक्रीटच्या अंगावर उमटून राहतात. आर्किटेक्ट बाईंना याच रेषा हव्या होत्या, सरळ आणि स्वच्छ. म्हणून साचा बांधणारा सुतार प्रत्येक फळी तळव्याने चाचपून बघायचा. गाठ लागली की फळी बाजूला. मोठा चोखंदळ माणूस!

एका दुपारी फाटकातून कुणीतरी ओरडलं, "अरे, दवाखान्यातून निरोप आलाय! मुलगी झाली तुला!" सुताराच्या हातात फळी होती. ती त्याने न बघताच ठोकली आणि हातोडा हातात घेऊनच पळत सुटला. दवाखान्यात काय गोंधळ उडाला असेल कोण जाणे.

साचा निघाला तेव्हा माझ्या ऐन मधोमध, छातीच्या उंचीवर, बशीएवढी गोल गाठ उमटलेली. मुकादमाने सगळ्यांसमोर त्याचा पाणउतारा केला. "डोळे काय घरी ठेवून आला होतास?" सुतार मान खाली घालून उभा. मग आर्किटेक्ट बाई आल्या. त्यांनी गाठीवरून हात फिरवला, बराच वेळ बघत राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "राहू दे." सुताराला वाटलं, नाइलाजाने म्हणाल्या. त्याच संध्याकाळी त्याने हत्यारं पिशवीत भरली, आणि गेला तो पुन्हा इथे फिरकलाच नाही. छत दुसऱ्या लोकांनी बांधलं. तेव्हा बाईंनी काय केलं ते मी पाहिलं होतं, त्याला ते कधी कळलंच नाही. माझा जीव तुटायचा, पण सांगणार कशी?

सत्तावीस वर्षं गेली. भाषणं झाली, प्रदर्शनं झाली. एका व्यवस्थापकाच्या डोक्यात तर मला गुलाबी रंगवायचं खूळ शिरलं होतं. नशिबाने त्याची बदली झाली.

मग एक दिवस एक मुलगी आली. सोबत लग्नाची सजावट करणारी ताई, गळ्यात मोजपट्टी लटकवलेली. मुलगी थेट माझ्यापाशी आली. "ताई, ही भिंत माझ्या बाबांनी बांधलीय. ते अवाक्षर काढत नाहीत, आईने सांगितलं. मला लग्न इथेच करायचंय."

ताईने खुर्ची ओढली आणि ती दिवसभर माझ्यासमोर बसून राहिली. इतकं निरखून मला आजवर कुणी पाहिलं नव्हतं, मी लाजलेच! शेवटी ती म्हणाली, "इथे कमानी नकोत, झालरी नकोत. या भिंतीकडूनच सगळं घेऊ." तिने माझ्यावर कागद धरून पेन्सिल घासली. त्या रेषा पत्रिकेवर आल्या. बाकं माझ्या फळ्यांच्या रुंदीची, कापड माझ्या रंगाचं, पांढऱ्या फुलांची एकच ओळ, तीही जमिनीलगत. नवरा-नवरीने गाठीसमोर उभं राहायचं आणि लग्न साडेचारला, कारण तेव्हा ऊन तिथे येतं.

लग्नाला आठ दिवस राहिले आणि सुतार आला. दाराच्या आत पाऊल टाकेना. केस पांढरे झालेले, पण हात तोच; उभ्या उभ्या दाराची बिजागरी तपासत होता. "लग्न इथे करायचं तर करा," तो म्हणाला. "पण ती गाठ झाका. नाहीतर मी बाहेर उभा राहीन."

"काका, ऊन नेमकं तिथेच पडतं हो," ताई म्हणाली.

"ऊन काय, कुठेही पडतं."

"बाबा, मला त्यात काही वाईट दिसत नाही," लेक रडकुंडीला आली.

"तुला दिसणार नाही. मला दिसतं."

अखेर लेकीनेच माघार घेतली. बापाशिवाय लग्न कसलं? ताईने ओठ आवळून गाठीवर कापड टांगलं.

लग्नाच्या दिवशी सुतार साडेचारच्या जरा आधीच आला. कापड नीट बसलंय का हे बघायला सत्तावीस वर्षांनी आत शिरला. सवयीने वर छताकडे पाहिलं आणि उजेडासाठी ठेवलेल्या झरोक्यांमधलं अंतर नजरेनेच मोजू लागला. "तीन हात... तीन हात... तीन हात... दोन?" पुन्हा मोजलं. "हा झरोका सरकलाय!"

"चुकून झालं असेल, काका," ताई म्हणाली.

"हातभर? काँक्रीट ओतायच्या आधी छताचा साचा बांधतात पोरी, दहा वेळा मोजून. हा मुद्दाम सरकवलाय."

तेवढ्यात त्या झरोक्यातून ऊन उतरलं आणि सरळ कापडाच्या मधोमध येऊन थांबलं. सुतार बघतच राहिला. "राहू दे म्हणाल्या होत्या," तो पुटपुटला. मग पुढे झाला आणि त्याने स्वतःच्या हाताने कापड ओढून काढलं. उन्हात माझी गाठ लख्ख उजळली. हो, बाईंनी त्या गाठीसाठीच नकाशा बदलला होता.

लेक दारातून धावत आली. सुताराने तिचा हात धरून गाठीवर ठेवला. "तू झाल्याचं कळलं ना, त्या दुपारची ही फळी. आनंदाच्या भरात बघायचीच राहिली. एवढंच झालं होतं." लेकीने कपाळ माझ्यावर टेकलं आणि मनसोक्त रडली. खरं सांगते, काँक्रीटची असूनही मला भरून आलं. लग्न पाच मिनिटं उशिरा लागलं. कुणीही कुरकुरलं नाही.

आता मला बारीक तडे गेलेत. परवा दोन साहेब गिलाव्याची भाषा करत होते. काय ते ठरवा बाबांनो, मी कुठे पळून जाणार आहे? पण ठरवायच्या आधी एकदा साडेचारपर्यंत थांबा.