नाकावरचा हात

"सासूबाईंना काही होत नाही. तुम्ही बिनधास्त घाला," सिस्टर म्हणाल्या.

सासूबाई म्हणजे सरावाची रबरी बाहुली. नळी कितीही नीट घातली तरी चेहऱ्यावर समाधान म्हणून नाही, त्यामुळे वॉर्डातल्या नर्सनी तिचं हे नाव ठेवलं होतं. शिकायला बसलेला बाप धंद्याने टेलर होता; तो हसला नाही. त्याने नळी नाकापासून कानापर्यंत आणि कानापासून पोटापर्यंत धरून पाहिली, माप आलं तिथे खूण केली आणि नेफ्यातून नाडी ओवावी तशी ती बाहुलीच्या नाकातून अलगद आत सरकवली.

"बघा! झकास जमतंय की."

"बाहुलीचं जमणारच," त्याची बायको म्हणाली. "परक्या बायकांची मापं घेताना हात कापत नाही यांचा. पोरीजवळ आले की पाणी पाणी."

पोरगी शेजारच्या खाटेत होती. तीन वर्षांची ठमी. तिला गिळता येत नव्हतं. दूध, औषध, सगळं नाकातल्या नळीतून पोटात जायचं, आणि खोकल्याने नळी बाहेर आली की नवी घालावी लागायची. मान धरत नव्हती, बोलणं नव्हतं. तिच्या मनासारखा हलायचा तो फक्त उजवा हात. खाटेजवळ कुणी आलं की तो उठून नाकावर बसायचा.

घरातल्या दोघांनी सिस्टरसमोर नळी घालून दाखवल्याशिवाय मूल घरी सोडायचं नाही, असा वॉर्डाचा नियम. आई केव्हाच पास झाली होती. बाप मात्र दर खेपेला नळी ठमीच्या नाकाशी नेऊन परत आणायचा. आज जमलं नाही तर सुट्टी आणखी लांबणार होती. या वॉर्डात ठमीने आजूबाजूच्या मुलांचा ताप दोनदा घेतला होता. पुढचा तिला झेपणार नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं.

"सिस्टर, सोडा ना आम्हाला. नेहमी मीच घालीन," आई म्हणाली.

"आणि तुम्ही आजारी पडलात म्हणजे?"

"मला कुठाय वेळ आजारी पडायला?"

सिस्टर हसल्या, पण बधल्या नाहीत. बापांना शिकवण्यात त्यांचा हातखंडा होता. चक्कर येणारे, रडणारे, 'हे बायकांचं काम' म्हणणारे, सगळ्यांना त्यांनी वळणावर आणलं होतं. हात कापणाऱ्यांसाठीही एक उपाय राखून ठेवलेला होता. त्या खुर्चीत ताठ बसल्या.

"घाला माझ्या नाकात."

"काहीतरीच काय!"

"घाला हो. माझ्या मापाची नळी आणलीय."

त्याने घातली. सिस्टरच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, उमासा आला. हातानेच त्यांनी 'थांबू नका' म्हणून खुणावलं. तो थांबला नाही. हात तसूभरही कापला नाही.

नळी काढून नाक पुसत सिस्टर म्हणाल्या, "मग अडतंय कुठं तुमचं?"

टेलर गळ्यातली टेप बोटाला गुंडाळत राहिला.

"तिचा हात, सिस्टर. तुम्ही आलात की नाकावर जातो. डॉक्टर आले की जातो. हिला बघूनसुद्धा जातो. मी आलो की खाली येतो. माझं बोट धरते. तेवढं एकच आहे आमचं."

सिस्टरकडे सगळ्या बापांसाठी काही ना काही उत्तर असायचं. 

आज उत्तर आईने दिलं, पाठमोरी, बेसिनजवळ सिरिंज धुताधुता.

"मी शिकायच्या आधी मला बघूनही खाली यायचा."

नळ चालू राहिला.

टेलरने हात धुतले आणि तो खाटेजवळ गेला. ठमीचा हात खाली आला, चादरीवर त्याचं बोट शोधू लागला. त्याने बोट दिलं. थोडा वेळ तिला धरू दिलं. मग हळूच सोडवून घेतलं.

पहिल्या खेपेला नळी तोंडातच वळली. दुसऱ्या खेपेला गेली. ठमीच्या रडण्याला आवाज नसायचा, नुसतं तोंड उघडं. त्याने सिरिंजने पोटातलं पाणी ओढून कागदाला लावलं. कागदाचा रंग बदलला, म्हणजे नळी जागेवर होती. गालावरची चिकटपट्टी त्याने अगदी सरळ लावली, एकही कड न दुमडता.

"पास," सिस्टर म्हणाल्या. एरवी त्या टाळी वाजवायच्या.

तो बाहेर जाऊन तोंड धुऊन आला. दारातून त्याने आत पाऊल टाकलं, तसा खाटेतला हात उठला आणि नाकावर जाऊन बसला.

तो जरा थांबला. मग खाटेशेजारच्या स्टुलावर बसला, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

"असं किती वेळ बसणार?" बायकोने विचारलं.

"बघू. तिचा खाली येईपर्यंत."

"नाही येत," ती म्हणाली. "मी बसून झालेय."

तरी तिने दुसरं स्टूल ओढलं, त्याच्या खांद्याला खांदा लावून बसली, आणि आपलेही हात मांड्यांखाली घातले.

सुट्टीचं सांगायला सिस्टर दारापर्यंत आल्या होत्या. त्यांनी हात पाठीमागे घेतले आणि तिथेच उभ्या राहिल्या.