काळे केलेले केस

अमेरिकेतल्या रिचमंडच्या गुलामबाजारामागच्या अंगणात टेम्पीचं काम ठरलेलं होतं. विक्रीच्या सकाळी वयस्क माणसांचे पांढरे केस उपटायचे, फार असतील तर काळा रंग लावायचा, मग तोंडाला चरबी चोळून तुकतुकी आणायची. त्या सकाळी तिच्यापुढं बाकावर तिचा नवराच बसला होता.

क्वॉश जवळच्या मळ्यावरचा माळी. मळ्याचा धनी वारला, वारसांनी माणसं विकायला काढली. टेम्पी दलाल प्रुइटच्या मालकीची. ती इथंच राहणार. गावातल्या डॉक्टरला बागेसाठी पोक्त माणूस हवा होता. त्यानं क्वॉशला घेतलं, तर दोघांची दर रविवारची भेट टिकणार होती. पण लांब दक्षिणेतल्या मिसिसिपीचा कापूसवालाही आला होता. त्याला तरणी माणसं हवी होती, आणि प्रुइटनं क्वॉशचं वय पस्तीस सांगून ठेवलं होतं.

"पस्तीस!" क्वॉश म्हणाला. "एवढा तरणा तर मी लग्नातही नव्हतो."

"लग्नात तुला बघून कुत्री भुंकत होती. मान खाली कर."

"मग पांढरे तसेच राहू दे."

"आणि पाठ कुणाची सोलून निघेल?"

तिनं केसांच्या मुळाशी भरपूर चरबी चोळली आणि वरून रंग फासला. चरबीवर रंग धरत नाही. प्रुइट आला, वरवर पाहून गेला.

भर ऑगस्टच्या उन्हात क्वॉशला अंगणभर पळवून दाखवलं, तसा रंग कानामागून ओघळू लागला. कापूसवाल्यानं तो बोटानं पुसला आणि हसला.

"प्रुइट, याला पस्तिशी लागली ती माझ्या बापाच्या वेळी ना?"

तो पुढच्या माणसाकडं वळला. टेम्पीनं श्वास सोडला.

मग डॉक्टर जवळ आला. त्यानं क्वॉशची मान निरखली.

"केस रंगवलेत. आणखी काय झाकलंय? क्षय? अंतर्गळ?"

"बैलासारखा धडधाकट आहे, डॉक्टरसाहेब!" प्रुइट म्हणाला.

"असेल. मला नको."

तो निघूनही गेला. एकाला टाळायच्या नादात दुसराही तेच पाहणार, हे टेम्पीच्या ध्यानातच आलं नव्हतं.

प्रुइट तिच्या अंगावर धावून आला. "असा लावतात रंग?"

"मीच डोकं खाजवलं, मालक," क्वॉश म्हणाला. "राहवलं नाही."

प्रुइटनं चाबूक उचलला नाही. पाठीवर वळ दिसले की गिऱ्हाईक माणसाला द्वाड समजतं. त्यानं कापूसवाल्याला परत हाक मारली, आणि क्वॉश इतरांच्या टोळीत मिळेल त्या भावानं गेला.

साखळी अडकवल्यावर टोळीला पाणी पाजायला टेम्पीलाच पाठवलं.

"माझंच चुकलं," ती म्हणाली.

"तुझं नाही गं. डॉक्टर जास्त शहाणा निघाला." तो दोन घोट प्यायला. "लग्न लावताना पाद्री काय म्हणाला होता? मरण किंवा अंतर ताटातूट करेपर्यंत. आता अंतर पडलं. तू मोकळी. कुणी बरा भेटला तर..."

"पाद्र्याला बोलायला काय जातंय? त्याची बायको त्याच्या घरात आहे."

क्वॉश हसला. तेवढ्यात पुढच्यानं पाय उचलला आणि साखळी ताणली गेली. भांडं हातात घेऊनच तो चालू लागला. टेम्पी बाजूनं चालत राहिली. फाटकाशी त्यानं भांडं तिच्या हाती दिलं. त्यापुढं जायची तिला मुभा नव्हती.