एकोणिसाव्या वर्षाची अंडी

सौमित्रनं हे लिहायचंच नाही असं जवळजवळ ठरवून टाकलं होतं. ज्या वर्षाचा पुरावाच उरला नाही, ते वर्ष लिहून करायचं काय? बखरीत एकोणिसावं एकदाच झालं असं टाकलं असतं, तर विचारणारं कोण होतं? एकटा पियुष. आणि पियुषनं विचारलं नसतं. पण आपल्या पाळीत जे झालं ते लिहायचं, लाज वाटली तरी लिहायचं, हा नियम सौमित्रनंच घातला होता. म्हणून तो कामाला होता त्या शंकर नगरातल्या टायपिंगच्या दुकानात, दुपारी मालक जेवायला गेला की, तो तुकड्या-तुकड्यानं लिहायला लागला.

बखर किल्ल्याची. किल्ला कम्प्युटरवरचा. फुकटात मिळणारा गेम; चित्रं नाहीत, नुसती अक्षरं आणि खुणा. बुटकी माणसं डोंगर पोखरतात, किल्ला बांधतात, जनावरं पाळतात आणि बहुतेक वेळा उपाशी मरतात. हा गेम सौमित्रला कोणी शिकवला नव्हता. इंटरनेटवरची इंग्रजी माहिती दुकानाच्या प्रिंटरवर, मालकाच्या कागदावर छापून, डिक्शनरी मांडीवर घेऊन तो शिकला, आणि मग त्यानं पियुषला शिकवलं.

दोघांचा मिळून एकच किल्ला. गेममधलं एक वर्ष सौमित्रचं, एक पियुषचं. वर्ष संपलं की फाईल पेनड्राइव्हमध्ये, पेनड्राइव्ह खिशात, आणि गाडी शंकर नगरातून ब्राह्मणपाऱ्याला, नाहीतर तिकडून इकडे. असं करत किल्ला अठरा वर्षांचा झाला होता. दुसरा नियम असा की जुन्या फाईलवर परत जायचं नाही. मेला तो मेला, बुडालं ते बुडालं.

किल्ल्याचं पोट बदकांवर चालायचं. माद्या लाकडी खोक्यांत बसून अंडी घालायच्या, हमाल ती उचलून स्वयंपाकघरात न्यायचे. एखाद्या खोक्यावर मनाईची खूण लावली की तिथल्या अंड्यांना कोणी हात लावत नाही. नर जवळपास असला की काही महिन्यांनी पिल्लं निघतात. दोघांनी ठरवून एकाच खोक्यावर खूण ठेवली होती. कारण गेममधलं एकेक जिवंत जनावर कम्प्युटरचा दम खातं. आणि सौमित्रचा कम्प्युटर म्हणजे लोकांनी टाकून दिलेल्या चार कम्प्युटरांचे अवयव जोडून उभा केलेला. पन्नास जनावरांवर गेला की गेम लग्नाच्या वरातीसारखा चालायचा.

संक्रांत झाली आणि पियुषनं अठरावं वर्ष आणून दिलं. सौमित्रनं फाईल उघडली. तेवीस बदकं होती, ती चौऱ्याण्णव झाली होती. बाराच्या बारा खोक्यांवर मनाई. आणि बखरीत पियुषनं काय लिहिलं होतं? 'वर्ष शांत गेलं.'

त्यानं लगेच फोन लावला.

"अबे, एवढी बदकं काहून?"

"झाली असतील यार."

"झाली असतील? सगळ्या खोक्यांवर खूण कोनं लावली मंग, भुतानं?"

"मीच लावली." पियुषचा आवाज दबका, जसं कोणी बाजूला झोपलं आहे. "राहू दे न. काय बिघडून राहिलं?"

"माह्याकडे एक दिवस सरकायले पाच मिनिटं लागून राहिले बे!"

"तर हळू खेळ," पियुष म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

हळू खेळ. हे दोन शब्द सौमित्रच्या डोक्यात घुसले ते निघेचनात. पियुषला पुरतं माहीत होतं की अजून पन्नास पिल्लं निघाली तर हा कम्प्युटर बसणार. मग हे मुद्दाम. पण काहून?

त्या शनिवारी दोघं नेहमीच्या अंड्याच्या ठेल्यावर उभे राहिले. सौमित्रनं दोन भुर्जी सांगितल्या.

"मले नको," पियुष म्हणाला. "पोट बरं नाही."

मागच्या शनिवारीही पोट बरं नव्हतं. त्याच्या मागच्याही. श्रावण नाही, मार्गशीर्षातला गुरुवार नाही. आणि शनिवारचं म्हणाल तर हाच पियुष समोरच्या मारुतीकडे पाठ करून चार-चार उकडलेली खायचा आणि म्हणायचा, "देव मागून वळखत नाही." आता मात्र कोरडा पाव चहात बुडवत उभा. डोळे सारखे मोबाइलवर.

माणूस लपवायला लागला की पहिले त्याचं जेवण बदलतं, असं सौमित्रला वाटलं.

मग सोमवारी ठेल्यावरूनच तो ब्राह्मणपाऱ्यात पियुषच्या घरी गेला. पियुषची आई, सत्यभामाकाकू, दार उघडलं की सौमित्रला ओढून पाटावर बसवणारी बाई. 'हा माहा दुसरा पोट्टा' म्हणून शेजाऱ्यांना सांगायची. त्या दिवशी तिनं दार वीतभर उघडलं.

"पियुष नाही रे बेटा."

दाराशी पियुषच्या चपला होत्या. गाडीही तिथंच.

"काकू, गाडी तर..."

"पायी गेला. ये हं मंग." आणि दार लागलं. पाणीसुद्धा विचारलं नाही.

सौमित्र गल्लीत उभा राहिला. आतून कोणीतरी हळूच बोलल्याचा आवाज आला. त्याला एकदम सुशील आठवला. शाळेतला सुशील, आता बापाच्या पैशानं नवा कोरा कम्प्युटर घेऊन बसलेला, ज्यावर पाचशे बदकं धावली तरी फरक पडणार नाही. सौमित्रनं तिथूनच त्याला फोन केला.

"पियुष आला होता काय बे तुझ्याकडे?"

"हव, आया था न परसों. वही किले वाला गेम पूछ रहा था, मेरे में कैसा चलेगा. तेरे को नहीं बताया?"

नाही बताया. आता सगळं जुळलं. जनावरं इतकी वाढवायची की सौमित्रचा कम्प्युटर दम तोडेल, मग किल्ला उचलून सुशीलकडे न्यायचा. भांडण नको, तोंडावर नाही म्हणणं नको. किल्ल्याची अठरा वर्षं दोघं मिळून खपले, आणि आता पियुष त्याला बदकांकरवी हाकलून राहिला होता.

घरी येऊन तो तसाच कम्प्युटरसमोर बसला. पाळी त्याची होती. एकोणिसावं वर्ष. त्यानं एकेक खोक्यावरची मनाई काढली. हमाल धावले. एकसष्ट अंडी स्वयंपाकघरात गेली आणि भट्टीवर चढली. बुटक्यांनी पोटभर खाल्लं, चार रात्री जागून वर्ष संपलं, आणि सौमित्रनं नवी फाईल पेनड्राइव्हमध्ये जुन्याच्या खाली घातली. बखरीत त्यानं एक अक्षर लिहिलं नाही.

रविवारी सकाळी त्यानं पियुषला गल्लीच्या तोंडाशी, चहाच्या टपरीवर बोलावून घेतलं.

"हे घे." त्यानं पेनड्राइव्ह टेबलावर आपटला. "आन् सुशीलले सांग, किल्ला मुबारक."

"सुशीलचं काय?"

"मले येडा समजतं काय बे? त्याच्याकडे काहून गेला होता तू?"

 पियुषनं जॅकेटच्या खिशातून कागदात गुंडाळलेली एक पट्टी काढली आणि पेनड्राइव्हच्या बाजूला ठेवली. "त्याची जुनी रॅम आहे. त्याच्या मशीनवर किती जनावरं धावतात ते पाहून म्हटलं, तुझ्यात ही टाकली तर चालेल काय. बदकांपायी तुले तरास होऊन राहिला न."

सौमित्रनं कागद उलगडून पट्टी पाहिली.

"मंग बदकं वाढवलीच काहून? आन् काकूनं मले दारातून हाकललं, ते?"

पियुषनं आजूबाजूला पाहिलं. टपरीवाला कप धूत होता. "कोनाले सांगू नको. पाचवा लागेस्तोवर सांगायचं नाही, असं आईनं बजावलं आहे."

"काय पाचवा?"

"रूपालीताई माहेरी आलेली आहे. दोनदा गेलं तिचं. ह्या खेपेस चौथा महिना आहे, डॉक्टरनं खाटेवरून उठायचं नाही म्हणून सांगितलं." तो कपाकडे बघत बोलत होता. "आईनं पुरानी बस्तीतल्या देवीले बोलून टाकलं. लेकरू हातात येईस्तोवर घरातलं कोनी अंडं फोडनार नाही. आन् तू दर खेपेस ठेल्यावरून येतं. तुझ्या तोंडाच्या वासानं ताईले उलट्या होतात बे. आई तुले कसं सांगनार?"

सौमित्रनं नकळत तोंडावर हात ठेवला.

"पन गेममधली अंडी..."

"बटन तर मीच दाबतो न." पियुषचे कान लाल झाले होते. "माह्या वर्षाच्या पहिल्या दिवशी स्वयंपाकघरात अंडी गेली आन् त्याच दिवशी ताईले दवाखान्यात न्या लागलं. मले मालूम आहे, त्याचा काही संबंध नाही. पन लावली खूण. हास."

"नाही हासत."

"हास बे, मी बी हासलो असतो."

 पियुषनं पेनड्राइव्ह उचलला आणि बोटांत फिरवला.

"तुझ्या वर्षात काय झालं?"

इथं खोटं बोलता आलं असतं. पियुषनं फाईल उघडून पिल्लं मोजली असती तरी म्हणता आलं असतं की थंडीनं गेली, नर मेला, काहीही. 

"फोडली," तो म्हणाला.

"किती?"

"सगळी. एकसष्ट."

 चहावर साय धरली. पियुषनं ती बोटानं काढली आणि म्हणाला, "जाऊ दे. तुले मालूम नव्हतं. आन् नेम घरातल्याले होता."

"मी घरातला नाही?"

"आई तर मोजते," पियुष हळूच म्हणाला. "तेच तर."

सौमित्रनं त्याच्या हातातून पेनड्राइव्ह घेतला.

"ह्यात अठराव्याची जुनी फाईल आहे. तिच्यात सगळी अंडी तशीच आहेत."

"जुन्यावर जायचं नाही. नियम तुझाच आहे."

"तोडतो. आन् तोडला म्हणून बखरीत लिहितो. एकोणिसावं वर्ष दोनदा झालं, पहिल्या खेपेस काय केलं, काय समजून केलं, सगळं लिहितो. तू वाचशील."

"आन् पिल्लं दोनशे झाली तर? ही रॅम बी पुरनार नाही."

"तर दोनशे. कम्प्युटर बसला तर बसू दे." सौमित्रनं रॅमची पट्टी खिशात घातली आणि पियुषच्या हातावर हात ठेवला. "ऐक. ताईचं लेकरू हातात येईस्तोवर माह्या हातानं एक अंडं फुटनार नाही. किल्ल्यात नाही, ठेल्यावर बी नाही. मारुतीकडे पाठ करून बी नाही."