जहराची साइट व्हिजिट

टेंडर मिळालं काय नि गेलं काय, जाफर परकारला त्याचं फारसं सोयरसुतक नव्हतं. आता हे त्याच्या मालकासमोर बोलायची सोय नाही, पण खरं तेच. कुवेतच्या सरकारला थंड पाण्याचे कूलर विकणाऱ्या कंपनीत तो कामाला. गव्हर्नरेटच्या कचेरीत, म्हणजे आपल्याकडची जिल्ह्याची कचेरी समजा, बंद पाकिटं नेऊन पेटीत टाकायची आणि उघडायच्या दिवशी समोर बसून सगळ्यांचे भाव ऐकायचे, हे त्याचं काम. त्या दिवशी तो सगळ्यांच्या आधी हजर. मालकाला वाटायचं, केवढा इमानदार माणूस! छे हो. तो जायचा हरीश टेमकरसाठी.

हरीश दुसऱ्या कंपनीचा. तोही कूलरच विकायचा, म्हणजे धंद्यातला पक्का वैरी. पण जाफर हर्णैचा आणि हरीश गुहागरचा. सातासमुद्रापार दोन कोकणी माणसं एका खोलीत सापडल्यावर तोंड बंद ठेवतील? पण पंचाईत अशी की दोन टेंडरवाले गुलुगुलू बोलताना दिसले की सरकारी माणसांना लगेच साटंलोटं दिसतं. म्हणून हे दोघं मध्ये एक खुर्ची सोडून बसत, नजर समोर ठेवत आणि बोलत राहत.

"काय हरीशभाऊ, बरा हाय ना?"

"बरा म्हणायचा. तुमच्या हर्णैला लिलावात परवा सुरमई आली म्हणे. बर्फातलीच असेल."

"गुहागरवाल्यांनी मासळीवर बोलू नये. तुम्ही आपले नारळ सोला."

भाव सोडून सगळ्या जगाचं बोलणं व्हायचं. फोन नंबर मात्र कधी घेतले नाहीत. दोघांच्याही मालकांनी तंबी देऊन ठेवली होती: एकाचा नंबर दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये सापडला तर नोकरी गेली म्हणून समजा.

तुम्ही म्हणाल, कुवेतात मराठी माणसं काय थोडी आहेत? सालमियात हवी तेवढी आहेत, डॉक्टर आहेत, नर्सा आहेत, कोकणातले आपले लोकही आहेत. त्यांची जेवणं होतात, गाणी होतात. बायको, ताहिरा, होती तोवर जाफरही जायचा. ती गेल्यावर दोनदा गेला. सगळे जोडीनं आलेले. बायका "बिचारे" म्हणून ताटात एक पोळी जास्त वाढायच्या. तिसऱ्यांदा त्याचे पाय वळले नाहीत. तो राहायचा त्या खैतानच्या खोलीत दोन मल्याळी आणि एक हैदराबादी. माणसं लाखमोलाची, पण सगळा कारभार हिंदीत. मुलगी अदिबा कॅनडात. नातवंडं फोनवर "हाय नाना" म्हणत आणि पळत. म्हणजे बघा, ज्या भाषेत माणूस झोपेत बरळतो, त्या भाषेत त्याच्याशी बोलणारा जगात एक हरीशच उरला होता, आणि तोही मध्ये खुर्ची सोडून.

मग पोर्टल आलं. पाकीट नाही, पेटी नाही, खुर्च्या नाहीत. घरबसल्या बटण दाबा, निकाल पडद्यावर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, जाफरच्या मालकानं तर मिठाई वाटली. जाफरनं आपला पेढा तसाच कागदात गुंडाळून ठेवला. शेवटच्या वेळी भेटले तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं की ही शेवटची भेट.

वर्ष गेलं. निकालाच्या पानावर हरीशच्या कंपनीचं नाव दर वेळी दिसायचं. म्हणजे गडी आहे, काम करतोय. त्याच्या ऑफिसात जायची हिंमत नव्हती, तिथे जाफरला कुणी पाहिलं असतं तर दोघांच्याही पोटावर पाय आला असता. शुक्रवारी तो उगाच सालमियाच्या बाजारातून फिरायचा, हरीश तिकडे राहतो एवढंच माहीत होतं. कधी दिसला नाही. एकदा पाठमोरा एक माणूस अगदी तसाच वाटला म्हणून जाफर धावला, तर निघाला फिलिपिनो. चारचौघांत कसलं हसं झालं! पण घरी येऊन तो हसला नाही.

आणि मग त्याला युक्ती सुचली. एकटा माणूस आणि रिकामी संध्याकाळ, दुसरं काय होणार?

शहराबाहेरच्या जहरा भागातल्या बागांमध्ये कूलर बसवायचं नवं टेंडर निघालं होतं. पोर्टलवर एक सोय असते: बोली लावणाऱ्या कुणालाही शंका विचारता येते. नाव दिसत नाही, पण शंका आणि सरकारचं उत्तर सगळ्यांना दिसतं. जाफरनं आपल्या कचेरीतल्या अरबीत लांबलचक शंका लिहिली. बागांतलं ऊन कुठून येतं, मुलांचा हात नळाला पुरेल का, पाण्याची लाइन कुठं आहे, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय बोली लावणं धोक्याचं आहे. तरी सर्व बोलीदारांना एकत्र बोलावून जागा दाखवावी आणि हजेरी सक्तीची करावी. सक्तीची! हा शब्द त्यानं मुद्दाम घातला. मालकाच्या खर्चानं, सरकारच्या शिक्क्यानं, हरीशला बागेत हजर करायचा बेत होता त्याचा.

कधी नव्हे ते सरकारनं ऐकलं. उत्तर आलं: सूचना योग्य आहे. प्रत्येक कंपनीच्या माणसानं कुवेतचं ओळखपत्र घेऊन जातीनं यावं, सही करावी. जो येणार नाही त्याची बोली उघडणार नाही. तारीख दोन महिन्यांनंतरची.

जाफरचे पाय जमिनीवर ठरेनात. दाढी कातरून घेतली. शर्टाला इस्त्री केली. जहराच्या बसमध्ये तो मनातल्या मनात एकच वाक्य घोळवत होता: हरीशभाऊ, नंबर द्या, नोकरी गेली तर गेली. साठीला आलेला माणूस, पण पहिल्यांदा मुलगी बघायला निघालेल्या पोरासारखी छाती धडधडत होती.

बागेत सरकारी इंजिनियर होता, एक मिसरी, म्हणजे इजिप्तचा, होता, दोन-तीन मल्याळी होते. हरीश नव्हता. जाफर फाटकाकडे बघत राहिला. इंजिनियर भिंती दाखवत होता, जाफरला एक भिंत दिसेल तर शपथ. एवढ्यात टोपी घातलेली एक मुलगी जवळ आली.

"परकारकाका ना तुम्ही? मी प्रियांका. टेमकर सरांच्या कंपनीतून आलेय. सर म्हणाले होते, कूलरवाल्यांत मराठी माणूस एकच असेल."

"हरीशभाऊ कुठं हाय?"

"सर? ते तर वर्षभर गुहागरलाच आहेत, काका."

मग तिनं सगळं सांगितलं. हरीशच्या बायकोला, विजयाताईंना, अर्धांगाचा झटका आला. नेमकं त्याच सुमाराला पोर्टल सुरू झालं. मालक म्हणाला, जा घरी, तिथूनच बोली लाव, पगार थोडा कमी देईन. हरीश बायकोच्या खाटेशेजारी लॅपटॉप घेऊन बसायचा, तिला भरवायचा, औषधं द्यायचा आणि कुवेतची टेंडरं भरायचा. सहा महिने बाहेर राहिलं की इथला राहण्याचा परवाना जातो, तो कधीच गेला होता, पण पोर्टलला परवान्याशी काय देणंघेणं?

"छान चाललं होतं हो. मग कुणा दीडशहाण्याला काय सुचलं कोण जाणे, साइट व्हिजिट पाहिजे म्हणे, सक्तीची! ते बघून दुसऱ्या खात्यांनीही तीच अट घातली. मालक म्हणाला, इथं येऊन सही करणारा माणूस मला हवा. गेल्या महिन्यात सरांना काढलं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, फरक एवढाच की अवलक्षण दुसऱ्याच्या कपाळी गेलं होतं. एका आजारी बाईच्या औषधांवर जाफरनं आपल्या गप्पांची हौस भागवली होती.

"त्यांचा नंबर हाय तुमच्याकडे?"

"हो, घ्या ना. आता ते कंपनीत नाहीत, त्यामुळे काही हरकत नाही," असं म्हणून तिनं नंबर दिला आणि ती भिंत मोजायला गेली.

जाफर एका बाकड्यापाशी गेला. लावावा की नाही? न लावावा तर कळणारही नाही कुणाला. नावाविना टाकलेली शंका, कोण विचारतंय! पण त्याला ते जमेना. त्यानं फोन लावला.

"कोण?... जाफरभाई! अहो, खरंच तुम्ही?"

"हरीशभाऊ, ती शंका मी टाकली होती."

पलीकडे हरीश हसला. "माहीत आहे की. असली शंका दुसरं कोण टाकणार? कूलर ठेवायला बागा कशाला बघायला लागतात हो? एक नळ नि एक प्लग, झालं काम. मी वाचलं नि विजयाला म्हटलं, बघ, जाफरभाईंना करमेनासं झालंय."

"मग हरकत घ्यायची होती! दोन ओळी लिहिल्या असत्या तर रद्द झालं असतं."

"लिहिल्या होत्या. धाडवल्या नाहीत." हरीश म्हणाला. "तुम्ही एवढं बोलावलंत नि मी सरकारला कळवायचं, नको म्हणून? मला वाटलं, एका टेंडरापुरतं असेल. नोकरीच जाईल असं नव्हतं वाटलं. जाऊ दे. करायला गेलो गणपती नि झाला मारुती. नशीब आपलं."

"मला माफ करा हो."

"माफ काय करायचं? मालकानं शेवटी विचारलं, कुणाला पाठवू? म्हटलं, प्रियांकाला पाठवा. पोरीला कूलरमधलं ओ का ठो कळत नाही, मालकाला मी खोटंच सांगितलं हुशार आहे म्हणून. पण मराठी बोलते. म्हटलं, तुम्ही बिचारे उन्हात उभे असाल माझी वाट बघत. कुणीतरी जायला हवं ना."

तिकडून एका बाईचा अस्पष्ट, ओढलेला आवाज आला.

"थांबा हं, विजयाला कुशीवर वळवायचंय. फोन ठेवू नका," हरीश म्हणाला.

भांडं सरकल्याचा आवाज झाला, खाट करकरली. हरीश बायकोला सांगत होता, अगं ते हर्णैचे जाफरभाई, त्यांचा फोन आहे. इकडे इंजिनियर सह्यांसाठी एकेक कंपनी पुकारत होता. जाफरच्या कंपनीचं नाव त्यानं दोनदा घेतलं.

"आहात ना, जाफरभाई?"

"हाय," जाफर म्हणाला, आणि तिथंच बाकड्यावर बसून रडायला लागला.