पाच किलो आठशे ग्रॅम

माझ्या वहीत खाडाखोड नसते. एकवीस वर्षं शाळेत हजेरीपट लिहिले, मुख्याध्यापकांना एकदाही बोट ठेवायला जागा दिली नाही. पुरात ती शाळा गेली, घर गेलं, आणि मदतछावणीच्या दवाखान्यात माझ्यापुढे पुन्हा वहीच आली. मुलाचं नाव, वय, वजन, औषध, पुढे काय झालं. दर आठवड्याला पानांच्या झेरॉक्स काढायच्या. ज्यांच्या आयांनी संमती दिली असेल तेवढ्याच ओळी ठेवायच्या, नावांची पट्टी कात्रीनं कापायची आणि उरलेलं दुसऱ्या छावण्यांतल्या संस्थांना पाठवायचं. त्यांचंही आमच्याकडे यायचं.

खरं सांगते, मला हे सगळं थेर वाटायचं. इथे माणसांना पांघरूण पुरत नाही आणि या बाई आकडे वाटत बसल्यात! या बाई म्हणजे आमच्या डॉक्टरीणबाई. वयानं माझ्या लेकीएवढ्या. मला मावशी म्हणायच्या आणि वजनांवरून रोज माझं डोकं खायच्या, कारण मी वजनं गोल करायचे. पाच आठशे असेल तर सहा. रकाना कसा नीटनेटका दिसतो.

"मावशी, काटा दाखवतो तेच लिहा ना."

"दोनशे ग्रॅमनं काय आभाळ कोसळतंय?"

त्या वाद घालत नसत. पान परत माझ्यापुढे सरकवत. मी तोंड वाकडं करून दुरुस्त प्रत काढायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येरे माझ्या मागल्या.

एका सोमवारी दुसऱ्या कुठल्याशा छावणीतली यादी आली. तिथे आमच्याकडचाच ताप, औषधही तेच. डॉक्टरीणबाईंनी जेवणाचा डबा तसाच ठेवून ती वाचली. मग भिंतीवरचा औषधाचा तक्ता काढला आणि नवा लावला. आधी सगळ्याच तान्ह्यांना एक गोळी होती. आता सहा किलोच्या आत अर्धी.

"तिथे अख्ख्या गोळीनं दोन बाळं दगावली," त्या म्हणाल्या. "एक पाच सातशे, एक पाच नऊशे. सहाच्या वरची सगळी बरी झाली. तिथल्या कारकुनानं वजन नेमकं लिहिलं, म्हणून कळलं तरी."

टोमणा होता की नव्हता, देव जाणे. मला लागला खरा.

चार दिवसांनी माझी लेक धावतच आली. कडेवर तिची मुलगी, सात महिन्यांची. मूठभर आहे म्हणून आम्ही तिला मुंगी म्हणतो. अंग तव्यासारखं तापलेलं. बाहेर काट्यापाशी बसणाऱ्या सेविकेनं वजन ओरडून सांगितलं, "पाच आठशे." आणि मी लिहिलं, सहा.

सवय, दुसरं काही नाही. नर्स वही बघूनच गोळी काढते. तिनं वहीत पाहिलं आणि अख्खी गोळी चमच्यात घेतली. माझी नजर भिंतीवरच्या तक्त्यावर गेली आणि मी तिचं मनगट धरलं.

"थांब गं," मी म्हटलं. "अर्धी. मी चुकीचं लिहिलंय."

सहावर काट मारली. वर लिहिलं, पाच किलो आठशे ग्रॅम. अक्षर पहिलीतल्या मुलाचं वाटावं असं आलं.

तिसऱ्या दिवशी मुंगी पोटभर दूध प्यायली आणि लेक हसली. मी दवाखान्याच्या मागे जाऊन मनसोक्त रडून घेतलं. मग डोळे पुसून डॉक्टरीणबाईंकडे गेले.

"मला त्या कारकुनाला पत्र लिहायचंय. आणि त्या दोन आयांना. आभार मानायचेत."

"नावं नाहीत, मावशी. त्यांनीही पट्टी कापलेलीच असते."

एवढे उपकार आणि पत्ता नाही. मला त्या माणसाचे हात धरावेसे वाटत होते, आणि त्या दोघींच्या तर पायांशी बसावंसं.

संमतीचा कागद लेकीकडे मीच नेला. आजी झाले म्हणून काय, विचारायलाच हवं. "नाही म्हणालीस तरी औषध थांबणार नाही," हे वाक्य रोज पाठ म्हटल्यासारखं म्हणत असे. त्या दिवशी एकेक शब्द नीट म्हटला.

"मुंगीचं सगळं परक्यांना दाखवणार?" लेकीनं विचारलं.

"नाव नाही जाणार. वजन, औषध, एवढंच." आणि मग मी तिला त्या दोन बाळांचं सांगितलं. माझ्या हातून लिहिला गेलेला सहाही सांगितला.

ती मुंगीच्या टाळूवरून हात फिरवत राहिली.

"त्या दोघींना कधी विचारलं असेल गं, आई? बाळ गेल्यावर?"

मी हातातला कागद खाली ठेवला.

"तरी हो म्हणाल्या," ती म्हणाली आणि सही केली.

शनिवारी झेरॉक्स काढल्या. डॉक्टरीणबाईंनी पान पाहिलं. "मावशी, ही ओळ नव्यानं लिहायची का? खाडाखोड झालीय."

"राहू दे," मी म्हटलं. "तिकडच्या कारकुनाला दिसू दे."

मग कात्री घेतली आणि माझ्या नातीचं नाव कापून वेगळं केलं.