विचारायचा हात

कापूस दोन्ही हातांनी वेचायचा. एक हात बोंडात असतो तेव्हा दुसरा पुढच्या बोंडाकडे निघालेला असतो.

*

फोन खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात टेकवून ठेवला तरच रशियाचा आवाज येतो. उजव्या कोपऱ्यात नुसता वारा.

*

बर्फ जिथून सरकतो तिथे सगळ्यांत आधी एक पिवळं फूल येतं. बकऱ्या त्याला हुंगतात आणि मान फिरवतात.

*

स्वयंपाकाची मोठी देग राखेने घासायची. वाळूने घासली आणि एखादा कण राहिला, तर तो पहिल्याच घासाला दाताखाली येतो आणि घासणारीचं नाव वर्षभर निघत राहतं.

*

"वख्शच्या मुली चढण चढतात का गं?"

"चढतात की. ट्रॅक्टरवर."

*

पाटाच्या काठी गाढवं चरतात. माणसं डोंगरावर जातात.

*

मेहरंगेज़ लग्न होऊन सांगोबला आली तेव्हा डोंगर पिवळे पडत आले होते. पहिला बर्फ पडायच्या आत तिचा नवरा दिलोवर रशियाला, बांधकामावर परत गेला, आणि घरात राहिल्या दोघी: ती आणि तिची सासू सफ़रमोह. सफ़रमोहला गाव मानायचं. कोणत्या उतारावर कोणती भाजी केव्हा कोवळी असते ते तिला विचारावं आणि मगच पायांत बूट घालावेत, असा रिवाजच पडून गेला होता. आणि अशा बाईची सून खालची. वख्शच्या सपाट मुलखातली. तिथे डोंगर म्हणजे लांबवर दिसणारी निळसर रेघ, ती पण हवा स्वच्छ असली तर.

सांगोबच्या बायकांनी तिचं नाव ठेवलं कापूसवाली. नाव खोटं नव्हतं. वख्शला तिच्या फडात तिच्यापुढे कुणी नसायचं. मुकादम बाकीच्यांना ओरडायचा आणि तिला फक्त पाणी नेऊन द्यायचा. त्यामुळे नावाचा तिला राग यायचा नाही. राग यायचा तो शेजारची गुलचेहरा ते नाव घेताना ओठ मुडपायची त्याचा.

हिवाळाभर ती वाट बघत राहिली. कारण सांगोबमध्ये नवी सून, केलिन, खऱ्या अर्थाने घरात येते ती लग्नाच्या दिवशी नाही. ती येते पहिल्या वसंतात. त्या दिवशी गावातल्या बायका एकत्र डोंगर चढतात, रानभाजी तोडतात, संध्याकाळी सगळ्यांत वयस्कर बाईच्या अंगणात सगळ्या पिशव्या एका कापडावर उपड्या होतात आणि त्या एकाच ढिगातून सगळ्यांचे संबुसे, तंदूरमध्ये भाजायचे समोसे, भरले जातात. ढिगात पहिली पिशवी पडते केलिनची. पिशवी बघून बायका ठरवतात, ही आता इथली, की अजून पाहुणी. पाहुणी ठरलेल्या एकीला लोक तिच्या नातवंडांच्या लग्नापर्यंत पाहुणीच म्हणत होते.

फोनवर दिलोवर म्हणाला होता, ओयाच्या, आईच्या मागे मागे राहा, ती करेल ते कर. एवढंच म्हणाला. बाकीचं सांगायला हवं, हे त्याला सुचलं नाही. ते कुणालाच सुचलं नाही. श्वास कसा घ्यायचा हे कुणी सुनेला शिकवत बसत नाही.

*

आणि ती ओयाच्या मागे राहिली नाही.

राहता आलं नाही. सफ़रमोहचे गुडघे दुखत होते, ती खालच्या उतारावर थांबली आणि हिला म्हणाली, तू वर जा, तुझे पाय तरुण आहेत. वर सियोअलफ होती: डोंगरातली रानपात, कांद्याच्या वासाची, काळपट हिरवी, रुंद पानांची. सासूने एक पान चुरगाळून तिच्या नाकाशी धरलं, हाच वास, म्हणाली, पिवळ्या फुलाच्या पानाला तो नसतो आणि ते विष. मेहरंगेज़ने वास घेतला आणि ती चढली.

तिने कंबरेला पिशवी बांधली आणि हात सुरू केले. दोन्ही. डावा उपटतोय तोवर उजवा पुढच्या झुबक्याकडे, उजवा पिशवीत तोवर डावा मातीत. शेजारच्या खडकावर गुलचेहरा एका हाताने चिवडत बसली होती, संथपणे, पान तोडून थांबायची, पुन्हा तोडायची. मेहरंगेज़ला मनातून हसू आलं. एवढे डोंगराचे तोरे, आणि भाजी तोडताना पाहावं तर म्हातारी कोंबडी दाणे टिपतेय. अधूनमधून मेहरंगेज़ स्वतःची बोटं नाकाशी न्यायची. बोटांना कांद्याचा वास होता. ती पुढे सरकायची. बर्फाच्या कडेला एक खोलगट ओली जागा लागली. तिथली पानं तर अशी दाट आणि गुबगुबीत की दोन मुठींतच झुबका संपायचा. तिथेही बोटांना कांद्याचाच वास.

सगळ्यांच्या आधी तिची पिशवी भरली. तोंड बांधायला दोरी पुरेना.

*

दुपारी सगळ्या झऱ्याशी टेकल्या. भाकऱ्या सोडल्या. बीबी सनोबर गावातली सगळ्यांत वयस्कर. संध्याकाळी तिच्याच अंगणात जेवण होतं. बीबीने आपल्या पिशवीतून एक पान काढलं, डाव्या हाताने. डाव्याच बोटांत चुरडलं, हुंगलं आणि बाजूला टाकून दिलं.

मेहरंगेज़ बघत राहिली.

मग तिने बाकीच्यांकडे पाहिलं. सगळ्यांचे उजवे हात हिरवे-काळे झालेले. सगळ्यांचे डावे हात कुर्त्याच्या बाहीत ओढून घेतलेले, आणि बाहीतून निघाले की स्वच्छ. उजवा हात तोडायचा. डावा हात विचारायचा. तोडणाऱ्या हाताला एकदा कांद्याचा वास लागला की त्याने उचललेल्या प्रत्येक पानाला कांद्याचाच वास येणार, दगड उचलला तरी.

तिने आपले हात पाहिले. दोन्ही काळे.

पाणी पिण्याच्या निमित्ताने ती खडकामागे गेली. चिखल आणि वाळू घेऊन डावा हात इतका घासला की कातडी लाल झाली. वास गेल्याची खात्री झाल्यावर तिने पिशवीत खोल हात घालून एक पान काढलं आणि पाण्यात धुवून चुरडलं. कांदा. दुसरं. कांदा. तिसऱ्याला कशाचाच वास नव्हता, नुसती ओल.

ते पिवळ्या फुलाचं पान होतं. फूल गळून गेलं की पानं अशी दिसतात की आईनेही फसावं. थोडी पोटात गेली तर ओकाऱ्या. जास्त गेली तर माणूस.

वेचून वेगळी करावीत म्हटलं तर पिशवी दाबून भरलेली, पानाला पान चिकटलेलं, सगळ्याला एकच वास. ती खडकामागून बाहेर आली, कंबरेची पिशवी सोडून खाली टेकवली, सासूला बाजूला घेऊन सांगायचं ठरवून. तर सफ़रमोहने तोवर तिची पिशवी स्वतःच्या पाठीवर चढवलेली. गुडघे दुखत होते तरी. आणि वाटेत भेटेल त्याला थांबवून सांगत होती की बघा, पहिलाच वसंत, आणि पिशवीत बोट घालायला जागा नाही. मेंढपाळाला सांगितलं. गिरणीवाल्याला सांगितलं. मेहरंगेज़ने दोनदा हाक मारली, ओया, जरा ऐका. ऐकतेय कोण? हिवाळाभर जी बाई सुनेबद्दल कुणी विचारलं तर "आहे" एवढंच म्हणायची, तिला आज वाचा फुटली होती.

पुलावर मेहरंगेज़ला वाटलं, पिशवी आपल्याकडे असती तर पाय घसरला म्हणून नदीत सोडता आली असती. बायका हळहळल्या असत्या आणि विषय मिटला असता. मग तिला त्या विचाराची चीड आली. तिच्या हातून आजवर कापसाचं एक बोंड सांडलं नव्हतं, आणि आता ती सांडायचं नाटक शोधत होती.

*

बीबी सनोबरच्या अंगणात कापड अंथरलेलं होतं. कणीक मळून ओल्या फडक्याखाली ठेवलेली. तंदूर पेटवायचा होता. बीबीने केलिनची पिशवी पुढ्यात ओढली आणि दोरीला हात घातला.

मेहरंगेज़ने तिच्या हातावर हात ठेवला. वडीलधाऱ्या बाईचा हात सुनेने असा धरायचा नसतो.

"बीबी, ही पिशवी ढिगात जाणार नाही."

"का गं," गुलचेहरा म्हणाली, "कमी वाटतेय? अजून आणायचीय?"

"हिच्यात पिवळ्या फुलाची पानं आहेत. किती ते मला सांगता येणार नाही. मी दोन्ही हातांनी तोडलं."

कुणीतरी तोंडावर रुमाल धरला. गुलचेहराने ओठ मुडपले. "कापूस समजलीस का?"

मेहरंगेज़चे कान तापले होते. पण मान खाली गेली नाही. नंतर बऱ्याच जणींनी हे एकमेकींना सांगितलं, की मान खाली गेली नाही.

"हो, कापूसच. मी लहानपणापासून दोन्ही हातांनी वेचतेय, मावशी, आणि आमच्याकडे मला कुणी मागे टाकलेलं नाही. एक हात विचारायला राखून ठेवायचा असतो, ते मला माहीत नव्हतं. आज कळलं. आता पुन्हा चुकणार नाही."

सगळ्यांनी सफ़रमोहकडे पाहिलं. ती भिंतीशी उभी होती, पाठीवरचा पिशवीचा ओला डाग अजून तसाच. तिचा चेहरा काही सांगत नव्हता. ती पुढे आली, पिशवी उचलली, कोपऱ्यातलं फावडं घेतलं आणि अंगणाबाहेर जाऊन खड्डा खणायला लागली. आत फावड्याचा आवाज तेवढा येत होता. खड्ड्यात पिशवी रिकामी करून, बकऱ्यांनी उकरू नये म्हणून तिने वर धोंडे रचले, एकेक, नीट बसवून. मग आत येऊन हात झटकले.

"गेल्या वसंतात याच कापडावरचं खाऊन अर्धं गाव ओकत होतं," ती म्हणाली. "बीबी आठवडाभर उठली नाही. ती पानं कुणाच्या पिशवीतली, ते आजवर एकीनेही सांगितलेलं नाही. आज पहिल्यांदा कुणी तोंड उघडलं. आणि ती माझ्या घरातली आहे."

गुलचेहरा कणकेवरचं फडकं सारखं करायला लागली.

बीबी सनोबर मेहरंगेज़कडे वळली. मग तिने विचारलं की सगळं ठीक आहे, पण पहिली पिशवी केलिनची पडल्याशिवाय ढीग लागत नाही, तर आता करायचं काय? मेहरंगेज़ म्हणाली, तंदूर तापेपर्यंत वेळ द्या.

*

पाटाच्या काठी

जगजग. जमिनीला चिकटून पसरलेली पानं, मधोमध एक काडी, काडीवर बारीक पांढरी फुलं आणि बदामाच्या आकाराच्या चिमुकल्या शेंगा. वख्शला कापसाच्या बांधांवर हीच उगवते, आणि वसंतात तिच्यावाचून चूल पेटत नाही. इथे तिच्यावरून गाढवं चालत होती. हिच्यासारखी दिसणारी, माणसाला फसवणारी दुसरी पालेभाजी नाही. हिला काही विचारावं लागत नाही.

म्हणून

दोन्ही हातांनी. गाढव बाजूला सारून. मुळाशी नख घालून, पिळा देऊन, ओच्यात. पाण्यात उतरून कडेचा पुदिना. पुन्हा जगजग. एक हात पानात असतो तेव्हा दुसरा पुढच्या पानाकडे. भिंतीवरून दोन-चार बायका डोकावून बघत होत्या. त्यांनी सांगोबमध्ये कुणाचे हात असे चालताना पाहिले नव्हते. एकीने दुसरीला कोपराने ढोसलं. पण ओठ कुणी मुडपले नाहीत.

धुवायची तीन पाण्यांत, कारण गाढवं. चिरायची अशी की सुरीला रस सुटू नये. कांदा भरपूर. दुंब्या मेंढीची चरबी, तुकडा तिळाहून मोठा नाही. मीठ सगळ्यांत शेवटी, नाहीतर पाणी सुटतं आणि कणीक फुटते. आणि लाल तिखट. इथे घालत नाहीत, तिकडे घालतात. तिने घातलं.

त्याआधी तिचा ढीग कापडावर पहिला पडला होता. त्यावर बाकीच्यांची रानपात.

संबुशांच्या पाठी पाण्याने ओल्या करून तंदूरच्या भिंतीला थापायचं काम तिने स्वतः घेतलं. हात कोपरापर्यंत आत, चेहरा बाजूला. पहिला संबुसा सुटून आला तो बीबी सनोबरच्या हातात गेला. बीबीला दात थोडे. ती हळूहळू चावत राहिली. सगळ्या तिच्या जबड्याकडे बघत होत्या.

"हे पाटाकाठचं?" बीबीने विचारलं.

"हो, बीबी."

"गाढवांचं?"

"तेच."

बीबीने दुसरा उचलला. "म्हणजे इतकी वर्षं आपल्या गावात गाढवंच काय ती नीट जेवत होती."

मग हसण्याचा जो लोट आला त्यात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येईना. तिखटाने डोळ्यांत पाणी आलेल्या बायका वाफाळणारे संबुसे या हातातून त्या हातात नाचवत होत्या. गुलचेहराने दोन गुपचूप रुमालात बांधले. मेहरंगेज़ने ते पाहिलं आणि आणखी एक काढून तिच्या रुमालावर ठेवला.

केतली फिरवायची वेळ झाली. चहा ओतायचा तो केलिनने, हे ठरलेलं. मेहरंगेज़ उठायला लागली तर सफ़रमोहने तिचा खांदा दाबून तिला खाली बसवलं, चहाचा पियोला हातात घेतला, एकदा गरम पाण्याने विसळला, मानाच्या माणसाला भरतात तसा अर्धा भरला आणि सगळ्यांच्या देखत आधी सुनेपुढे धरला. मेहरंगेज़ने तो दोन्ही हातांनी घेतला.

गेल्या वसंतातली ती पिशवी सफ़रमोहची होती.